गंधककुंडांचा कुलवृत्तांत

जुन्या मराठी घराण्यांत कुलवृत्तांताला काय मोल असते, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मूळ गाव कोणते, कोणत्या मोहिमेच्या वा चाकरीच्या निमित्ताने पूर्वज नर्मदा ओलांडून गेले, कोणती शाखा कोठे स्थिरावली, हे सारे त्यात नोंदलेले असते. असा ग्रंथ सिद्ध करू पाहणाऱ्यास एक प्रश्न हमखास अडवतो. दोन घराण्यांच्या चालीरीती सारख्या, बोलणे सारखे, देव्हाऱ्यातले टाकही सारखे. मग ती एका कुळातली मानावीत, की एकाच दरबाराच्या छायेत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे आलेले ते साम्य मानावे? रक्ताचे साम्य आणि परिस्थितीचे साम्य यांतला भेद केवळ वरून पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी जुने दप्तर उघडावे लागते.

विसाव्या शतकात जीवशास्त्रापुढे हाच प्रश्न उभा राहिला, आणि तो उभा केला ज्वालामुखीच्या परिसरातील उकळत्या, आम्लमय कुंडांत सुखाने नांदणाऱ्या सूक्ष्मजीवांनी. त्या शोधाचा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याचा गाभा कुळशोधाचा आहे, म्हणून तो या पानांना परका वाटणार नाही अशी आमची खात्री आहे.

गरम पाण्याचे झरे आपल्याला अपरिचित नाहीत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत कोकणपट्टीत त्यांची जणू माळच आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई हाती आल्यावर तो फेडला, ही कथा आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीच्या तोंडून ऐकलेली असेल. परंतु हे झरे जिवंत ज्वालामुखीचे नव्हेत. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून घडला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच ओतला गेला आणि थिजला. कोकणात पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर उतरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. ते अंगाला चटका देईल. पण ते आम्ल नाही, किंबहुना बहुधा किंचित अल्कधर्मी असते. म्हणूनच त्यात स्नान करून भाविक पुण्य जोडू शकतात.

आम्ल कुंडांची गोष्ट वेगळी. जेथे भूपृष्ठाखाली अजून शिलारस धगधगत आहे आणि पाण्याचा साठा तुटपुंजा आहे, तेथे वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा वायू वर येतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास दुरूनच जाणवतो. हवेतील प्राणवायूशी गाठ पडताच त्यापासून पिवळे गंधक साचते आणि त्या गंधकापासून गंधकाम्ल तयार होते. भोवतालचा खडक त्या आम्लात विरघळून राखाडी चिखल खदखदत राहतो. आम्लता मोजण्याच्या मापाला आपण सामू म्हणतो. शुद्ध पाण्याचा सामू ७, लिंबाच्या रसाचा २च्या आसपास. या मापात एक अंक खाली उतरला की आम्लता दसपट वाढते. म्हणजे सामू २ असलेले कुंड शुद्ध पाण्याच्या लक्षपट आम्ल झाले. आणि त्यात पाणी उकळण्याच्या बेतात आलेले! २०१६ मध्ये अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या नॉरिस भागात एक तरुण अशा कुंडात पडला. दुसऱ्या दिवशी शोधपथकाला त्याचा देहही मिळाला नाही.

अशा जागांविषयी प्राचीनांना भय वाटले यात नवल नाही. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओली येथे सोल्फातारा नावाचे विवर आहे. ते ज्या ज्वालामुखी प्रदेशात येते, त्याच प्रदेशातील अव्हेर्नस सरोवरापाशी पाताळाचे द्वार आहे असे रोमन लोक मानत, आणि व्हर्जिलने आपल्या महाकाव्याच्या नायकाला तेथूनच मृतांच्या लोकात उतरवले. मृत्यूचे दार म्हणून प्रसिद्ध असलेल्या या भूमीत जीवसृष्टीच्या एका आद्य शाखेचा वंशज वस्तीला असेल, ही कल्पना कवीलाही सुचली नसती.

उष्ण झऱ्यांत काही तरी जगते, एवढे मात्र शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात फर्डिनांड कोन यांनी कार्ल्सबादच्या झऱ्यांतील शेवाळांचा अभ्यास केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम सेचेल यांनी १९०३ मध्ये जीवनाच्या कमाल तापमानावर निबंध लिहून ८९ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यात जिवाणू पाहिल्याची नोंद केली. परंतु ही नोंद पुढे जवळजवळ विस्मरणात गेली. याचे कारण साधे होते. प्रयोगशाळेत उष्णताप्रिय जिवाणू वाढवायचे ते ५५ किंवा ६० अंशांवर, असा प्रघात पडला होता. डबाबंद अन्न नासवणारे जिवाणू त्या तापमानाला उत्तम वाढत, म्हणून तीच उष्णताप्रियतेची सीमा ठरली. त्याहून अधिक उष्णता ज्यांना हवी ते जीव त्या उबवणीपेटीत वाढलेच नाहीत, आणि वाढले नाहीत म्हणून ते अस्तित्वात नाहीत असे ठरले. जे पाहण्याची सोयच केली नाही ते दिसले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा प्रघात मोडला टॉमस ब्रॉक या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने. १९२६ मध्ये जन्मलेले ब्रॉक इंडियाना विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९६४च्या उन्हाळ्यात ते यलोस्टोनला गेले ते पर्यटक म्हणून. तेथील झऱ्यांतून वाहणाऱ्या प्रवाहांत, तापमान जसजसे उतरेल तसतसे रंग पालटत जातात: आधी निवळ पाणी, मग पिवळा, केशरी, पुढे हिरवा पट्टा. हे रंग सजीवांचे आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. थोड्याच प्रकारचे जीव असलेली, सहज मोजता येणारी अशी निसर्गातली जागा ते शोधतच होते. पुढल्या वर्षापासून दहा वर्षे त्यांनी आपले उन्हाळे याच कामाला वाहिले.

त्यांची रीत अगदी साधी होती. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या दोऱ्याला बांधून त्या उकळत्या झऱ्यांत सोडायच्या आणि काही दिवसांनी काढून पाहायच्या. यलोस्टोन समुद्रसपाटीपासून बरेच उंच असल्याने तेथे पाणी ९२–९३ अंशांनाच उकळते. त्या उकळीतही काचपट्ट्यांवर जिवाणूंची दाट वस्ती झालेली आढळली. प्रयोगशाळेत जीव नेऊन त्याला आपल्या सोयीच्या तापमानावर वाढवण्याऐवजी, तो जेथे राहतो तेथेच जाऊन त्याची विचारपूस करावी, हा त्यातला मर्म होता. १९६६ मध्ये ब्रॉक आणि त्यांचा पदवीच्या वर्गातील विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून एक पिवळसर जिवाणू वेगळा केला. १९६९ मध्ये त्याला थर्मस ॲक्वाटिकस हे नाव मिळाले. त्याची कथा पुढे येईलच. पण तो आम्ल कुंडांतला नव्हे, सौम्य पाण्यातला.

आम्ल कुंडांकडे ब्रॉक यांचे लक्ष त्यानंतर वळले. तेथला पहिला जीव मात्र त्यांच्या प्रयोगशाळेला झऱ्यात न मिळता इंडियानातील कोळशाच्या खाणीजवळच्या टाकाऊ ढिगाऱ्यात मिळाला. असे ढिगारे आतल्या आत धुमसत असतात आणि त्यांतील गंधकामुळे आम्लही होतात. १९७० मध्ये थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम या नावाने तो प्रसिद्ध झाला. त्याला ५९ अंश उष्णता आणि २ सामू मानवतो, आणि विशेष म्हणजे त्याला पेशीभित्तिकाच नाही. अंगावर कवच नाही, आणि मुक्काम आम्लात! इकडे मोंटानातील संशोधक जेम्स ब्रायर्ली यांनीही १९६६ मधील आपल्या प्रबंधात यलोस्टोनच्या आम्ल झऱ्यातील एका उष्णताप्रिय जीवाचे वर्णन केलेले होते.

१९७२ मध्ये ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फोलोबस ही नवी प्रजाती जाहीर केली. यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले, म्हणजे उद्यानाच्या शताब्दीच्याच वर्षी ही नोंद झाली. गंधकावर जगणारा आणि ओबडधोबड, फुगवट्यांच्या गोल आकाराचा, असा त्या नावाचा अर्थ. त्यातील सल्फोलोबस ॲसिडोकाल्डेरियस ही जाती ७० ते ७५ अंशांना आणि २ ते ३ सामूत उत्तम वाढते. यलोस्टोनखेरीज इटली, डॉमिनिका आणि एल साल्वादोर येथील कुंडांतही तिचे भाईबंद सापडले. त्या लेखाच्या शीर्षकातच सल्फोलोबसला गंधक जाळणारा जिवाणू म्हटले होते. ‘जिवाणू’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढल्या साऱ्या इतिहासाची कळ तेथे आहे.

हा जीव जगतो कसा? त्याच्या भोवतीचा सामू अडीच असला तरी त्याच्या पेशीच्या आतला सामू साडेसहाच्या आसपास असतो. म्हणजे एका अतिसूक्ष्म पडद्याच्या दोन अंगांना आम्लतेचा दहा हजार पटींचा फरक. हा पडदा, ज्याला पेशीपटल म्हणतात, आपल्या देहातही आहे. पण आपल्याकडे तो स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचा, एकावर एक ठेवलेल्या दोन चादरींसारखा असतो. उष्णता वाढली की त्या चादरी सरकतात, विस्कटतात. सल्फोलोबसच्या पटलात स्निग्ध रेणू या अंगापासून त्या अंगापर्यंत सलग गेलेले असतात. आपल्या घरची गोधडी आठवावी. आरपार टाके घातल्यामुळे तिचे थर सुटत नाहीत. तसेच हे पटल. शिवाय या रेणूंतील सांधेही निराळे आहेत. आपल्या स्निग्ध रेणूंत एस्टर नावाचे सांधे असतात, जे आम्लात आणि उष्णतेत लवकर सुटतात. सल्फोलोबसमध्ये ईथर नावाचे, अधिक चिवट सांधे असतात. नेपल्सचे मारिओ दे रोसा आणि अगाता गांबाकोर्ता यांनी आपल्या परिसरातील कुंडांतून असेच जीव मिळवून, १९७० नंतरच्या दशकात या रेणूंची रचना उलगडण्यात मोठा वाटा उचलला.

याहूनही विलक्षण गोष्ट १९७३ मध्ये पुढे आली. ब्रॉक आणि मॉसर दांपत्याने दाखवून दिले की, या कुंडांतील गंधकाम्लाच्या निर्मितीत सूक्ष्मजीवांचाच मोठा हात आहे. सल्फोलोबस गंधक आणि प्राणवायू यांच्या संयोगातून ऊर्जा मिळवतो, आणि त्या व्यवहारात मागे उरते ते गंधकाम्ल. म्हणजे ज्या आम्लात दुसरा कोणी जगू शकत नाही, ते आम्ल पुष्कळ अंशी त्यानेच निर्माण केलेले असते. तो नरकात टाकला गेलेला कैदी नाही. त्या घराचा तो मालक आणि गवंडीही आहे. आपल्याला भीषण वाटते ते त्याला स्वगृह आहे. त्याला आपल्या नळाच्या पाण्यात आणून सोडले, तर तो वाढणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ईथर सांध्यांचे हे चमत्कारिक स्निग्ध रेणू आणखी एका ठिकाणी आढळले होते: मिठागरांत आणि अतिखारट सरोवरांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांत. मिठात राहणारे ते, गंधकाम्लात राहणारे हे, आणि ढिगाऱ्यातला कवचहीन थर्मोप्लाझ्मा, या तिघांतही इतर जिवाणूंच्या भित्तिकेतील नेहमीचे द्रव्य नव्हते. शास्त्रज्ञांनी याचा अर्थ असा लावला की, हे परिस्थितीचे साम्य होय. तिघेही खडतर जागी राहतात, म्हणून तिघांनीही स्वतंत्रपणे एकच उपाय शोधला. हा तर्क अप्रामाणिक नव्हता. उत्क्रांतीत असे घडतेच. मासा आणि देवमासा यांचा आकार सारखा असतो, पण म्हणून ते एका कुळातले ठरत नाहीत. परंतु या प्रकरणात दप्तर कोणी उघडून पाहिलेले नव्हते.

ते उघडले इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वोझ यांनी. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिने घडवणारे रायबोसोम नावाचे यंत्र असते आणि त्यात आरएनएचा एक रेणू असतो. पिढ्यान्‌पिढ्या हा रेणू फार सावकाश बदलतो. जणू घराण्याचा जुना बखरीचा कागद, ज्याची प्रत करताना क्वचितच एखादे अक्षर चुकते. दोन प्रतींत सारख्या चुका असल्या तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे आपण जुन्या पोथ्यांविषयी म्हणतो. वोझ यांनी तेच सजीवांना लावले. किरणोत्सारी फॉस्फरसने खूण केलेले या रेणूचे तुकडे छायाचित्रपटलावर ठिपक्यांच्या रूपाने उमटत, आणि वोझ ते ठिपके प्रकाशपेटीवर ठेवून एकेक वाचत. हे कंटाळवाणे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे, बहुतांशी एकट्याने, केले. १९७६ मध्ये त्यांनी मिथेन वायू निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रेणू वाचला, तेव्हा जिवाणूंच्या कुळाची ओळखीची अक्षरे त्यात नव्हती. १९७७च्या नोव्हेंबरात जॉर्ज फॉक्स यांच्यासह त्यांनी जाहीर केले की, जिवाणूंसारखे दिसणारे हे जीव जिवाणू नाहीतच. ते सजीवांचे स्वतंत्र, तिसरे कुळ आहे. पुढल्याच वर्षी मिठागरातले जीव, थर्मोप्लाझ्मा आणि सल्फोलोबस हेही त्याच कुळात जाऊन बसले. ईथर सांधे परिस्थितीने दिलेले नव्हते. ती कुळाची खूण होती.

या घोषणेचे स्वागत कसे झाले, हेही इतिहासात नोंदण्यासारखे आहे. ३ नोव्हेंबर १९७७ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. परंतु अमेरिकेतील अनेक जीवशास्त्रज्ञांनी नाके मुरडली. वोझ यांचे सहकारी राल्फ वोल्फ यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, एका नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने त्यांना दूरध्वनी करून या कामापासून दूर राहण्याचा सल्ला दिला. जर्मनीत मात्र वेगळे घडले. म्युनिकचे ओटो कांडलर पेशीभित्तिकांच्या अभ्यासावरून अशाच निष्कर्षाकडे येत होते. तेथलेच वोल्फ्राम त्सिलिग यांनी कार्ल श्टेटर यांच्या साथीने सल्फोलोबसमधील, डीएनएवरून आरएनए घडवणारे विकर १९७९ मध्ये तपासले. जिवाणूंत हे विकर मोजक्या भागांचे, सुटसुटीत असते. सल्फोलोबसमध्ये ते अनेक भागांचे, गुंतागुंतीचे निघाले, आणि त्याचे साम्य होते यीस्टशी, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींशी, पर्यायाने आपल्याशी! १९८० मध्ये त्सिलिग यांनी पोत्सुओलीच्या विवरातील जीवाला सल्फोलोबस सोल्फाटारिकस हे नाव दिले. पाताळाच्या दाराशी राहणारा हा रहिवासी आपला दूरचा नातलग आहे, हे त्या वेळी हळूहळू स्पष्ट होत होते.

१९९० मध्ये वोझ, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी साऱ्या सजीवसृष्टीची तीन अधिराज्यांत विभागणी सुचवली: जिवाणू, आर्किया आणि केंद्रकधारी. मोठमोठ्यांचा विरोध त्यानंतरही मावळला नाही. ख्यातनाम उत्क्रांतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९९८ मध्येही ही विभागणी अमान्य केली. त्यांचा युक्तिवाद असा की, सूक्ष्मदर्शकाखाली जे दोन प्रकार सारखे दिसतात त्यांना वेगळे काढणे व्यर्थ आहे. चेहरा पाहून नाते ठरवावे की दप्तर पाहून, हा तोच जुना वाद होता. वोझ यांना २००३ मध्ये क्राफुर्ड पारितोषिक मिळाले. २०१२ मध्ये ते निवर्तले तेव्हा आर्किया हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलेला होता.

परंतु कुलवृत्तांत लिहिणाऱ्यालाही अखेरचा शब्द मिळत नसतो. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाचे जेम्स लेक यांनी रायबोसोमच्या आकाराचा अभ्यास करून असा दावा केला की, सल्फोलोबसची शाखा इतर आर्कियांपेक्षा केंद्रकधारी पेशींना अधिक जवळची आहे. म्हणजे आपण आर्कियांचे चुलतभाऊ नसून त्यांच्याच घरातून निघालेली एक शाखा आहोत. वोझ यांना हे मान्य नव्हते, आणि बराच काळ लेक यांचे म्हणणे बाजूला पडले. २००८ मध्ये दोन संशोधनगटांनी दाखवले की, सल्फोलोबस ॲसिडोकाल्डेरियसची पेशी दुभागताना जी प्रथिने वापरते त्यांची सख्खी भावंडे मानवी पेशीतही दुभागणीच्या शेवटच्या टप्प्यावर काम करतात. २०१५ मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंड यांच्या दरम्यानच्या समुद्रतळातील गाळातून ज्यांचा जनुकसंच वाचला गेला, ते लोकी नावाचे आर्किया आपल्या पेशींच्या आणखी निकट निघाले. त्यांच्या एका नातलगाला जिवंत वाढवण्यासाठी जपानच्या हिरोयुकी इमाची यांच्या गटाला बारा वर्षे लागली. २०२० मध्ये त्यांनी ते यश जाहीर केले. आज पुष्कळ शास्त्रज्ञ तीनाऐवजी दोनच मूळ शाखा मानतात आणि आपली गणना आर्कियांच्या वंशवेलीत करतात. लेक यांचा दावा तपशिलात बदलला, पण दिशेने खरा ठरला. नावेही स्थिर नाहीत: त्सिलिग यांच्या सल्फोलोबस सोल्फाटारिकसला २०१८ मध्ये सॅकॅरोलोबस या नव्या प्रजातीत हलवले गेले. आडनाव बदलले, माणूस तोच.

या साऱ्याचा उपयोग काय, असे विचारणारे सर्व काळी असतात. त्यांच्यासाठी थर्मस ॲक्वाटिकसची कथा सांगतो. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. तिच्यात मिश्रण पुनःपुन्हा जवळजवळ उकळावे लागे, आणि प्रत्येक वेळी प्रती काढणारे विकर नष्ट होई. ब्रॉक यांनी आपला जिवाणू अमेरिकेतील सार्वजनिक जिवाणू-संग्रहात ठेवून दिलेला होता. त्याचे विकर उकळीला दाद देत नाही. १९८८ मध्ये ते वापरून ही रीत सुलभ झाली. १९९३ मध्ये मलिस यांना नोबेल मिळाले. २०२० च्या महामारीत ज्या पीसीआर चाचणीचे नाव घरोघरी पोचले, तिचे हे कूळ. या रीतीचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरना विकले गेले, आणि झऱ्याची राखण करणाऱ्या उद्यानाला त्यातले काही मिळाले नाही. १९९७ मध्ये उद्यानाने डायव्हर्सा कंपनीशी नफ्यात वाटा मागणारा करार केला. तो न्यायालयात गेला, आणि १९९९ मध्ये न्यायालयाने पर्यावरणावरील परिणाम तपासल्याखेरीज तो अमलात आणण्यास मनाई केली. सार्वजनिक भूमीतील जीवाचा धनी कोण, हा प्रश्न तेव्हापासून जगभर विचारला जात आहे. आम्ल कुंडातील जीवांनाही काम मिळाले आहे: गरम, आम्ल ढिगाऱ्यातील खनिजांतून तांबे व सोने सोडवून घेण्यासाठी सल्फोलोबसचे भाईबंद उपयोगी पडतात, आणि ब्रायर्ली दांपत्याने त्या विद्येचा पाया घालण्यास हातभार लावला.

तथापि आमच्या मते या इतिहासाचे मोल उपयोगात नाही. ब्रॉक झऱ्याकाठी गेले ते चाचणी शोधायला नव्हे, आणि वोझ दहा वर्षे ठिपके वाचत बसले ते पारितोषिकासाठी नव्हे. जे आहे ते कोण आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

सजीवांच्या सहनशक्तीलाही सीमा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. इथिओपियातील दल्लोल येथे पाणी उकळते, सामू शून्याखाली जातो आणि त्यात मीठही ओतप्रोत आहे. २०१९ मध्ये एका संशोधनगटाने तेथील अशा कुंडांत जीवनाचा पुरावा मिळत नसल्याचे सांगितले. दुसऱ्या गटाने मात्र त्या परिसरात अतिसूक्ष्म आर्कियांच्या खुणा पाहिल्याचे म्हटले. उष्णता, आम्ल आणि मीठ यांपैकी दोहोंशी सलोखा करता येतो, तिन्हींशी एकाच वेळी करणे बहुधा कोणाला साधलेले नाही. कुळ कितीही काटक असो, सीमा असतेच.

परमुलुखात पिढ्या घालवलेल्या आपल्या घराण्यांना ही कथा वाचताना एक गोष्ट सहज उमगेल. बाहेरून पाहणारा आपल्यात जे निराळे दिसते त्याचे कारण स्थळात शोधतो: हे येथल्या हवेने झाले, हे दरबाराने झाले. त्यात खरे असतेच. माणूस आपल्या जागेला घडवतो आणि जागा माणसाला; सल्फोलोबस जसा आपले आम्ल आपणच तयार करतो, तशी आपल्या पूर्वजांनीही दूरच्या शहरांत आपली आळी, आपले ग्रंथालय, आपला गणेशोत्सव उभा केला. परंतु सारेच स्थळाचे नसते. काही अक्षरे फार जुन्या प्रतीवरून उतरलेली असतात, आणि ती कोणती, हे ठरवण्यासाठी चेहरा पाहणे पुरत नाही, दप्तर वाचावे लागते. ज्या घरांत अशी दप्तरे माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ती वाळवी लागण्यापूर्वी खाली काढावीत, झटकावीत आणि वाचावीत, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते. वाचल्यावर नाती बदलतील, काही आडनावे हलतील, एखादा परका सख्खा निघेल. पोत्सुओलीच्या खदखदत्या चिखलात जे शास्त्राच्या वाट्याला आले, ते आपल्या माळ्यावरही येऊ शकते.